गॅस चालू ठेवा

आमच्या साहेबांपुढं 'वारं' हा शब्द काढायची सोय नव्हती. उन्हाळ्यात आम्ही सिस्टर लोक आपसात "आज वारंच न्हाई बाई" म्हणत असलो अन् साहेब मागून आले, तर आम्ही घाईघाईनं "हवा, हवा" अशी दुरुस्ती करायचो. आता वाऱ्यानं यांचं काय घोडं मारलं होतं, असं नवीन आलेल्या पोरींना वाटायचं. जुन्यांना माहीत होतं.

साहेब मेंदूच्या नसेत अडकलेली रक्ताची गुठळी काढायचे. कवटी न उघडता. जांघेतल्या नसेतून एक बारीक नळी आत घालायची, ती पोटातून, छातीतून, मानेतून वर चढवत थेट मेंदूपर्यंत न्यायची, गुठळीच्या आत तारेची नाजूक जाळी उघडायची आणि जाळीत धरलेली गुठळी मागं ओढून बाहेर आणायची. लातुरात हे काम नवीन होतं तेव्हाची ही गोष्ट. हे काम जिथं चालायचं त्या लॅबमध्ये मी सिस्टर होते. आता नांदेडला असते, नर्सिंगच्या पोरींना शिकवते, आणि शिकवता शिकवता साहेबांचं काहीतरी तोंडात येतंच. मूळची मी धर्माबादची. मिरचीच्या बाजारात वाढलेली बाई, कुणाचं ऐकून घेणारी नव्हे. पण या माणसापुढं माझंही तोंड बंद व्हायचं. भीतीनं नव्हे हो. हा आता काय करेल, हे बघायचं असायचं म्हणून.

तर ते वाऱ्याचं. आपल्याकडं माणसाची एक बाजू लुळी पडली की सगळे म्हणतात, अंगावरून वारं गेलं. एकदा ऐन मे महिन्यात देवणीकडून एका म्हातारबांना जीपमधून आणलं. जीपच्या काचा घट्ट बंद, म्हातारबांच्या अंगावर दोन घोंगड्या, कानाला मफलर, आणि उजव्या हाताला औषध म्हणून पारव्याचं रक्त चोळलेलं. आत भट्टी झाली होती नुसती. साहेब दार उघडून बघतच राहिले.

"काचा का लावल्या रे?"

"साहेब, अंगावरून वारं गेलंय न्हवं का," म्हातारबांचा मुलगा म्हणाला. "अजून लागू ने म्हणून."

साहेबांनी काय करावं? त्या मुलाचा हात धरला, बाही वर सारली आणि कोपरापासून मनगटापर्यंत जोरात फुंकर घातली. "गेलं तुझ्या हातावरून वारं. आता उचल हात." त्यानं घाबरत उचलला. "उचलला की न्हाई? मग? वाऱ्यानं लकवा होत असता तर मी दवाखाना कशाला काढला असता, पंख्यांची दुकानं बंद पाडत फिरलो असतो! गुठळी हाय बाबा, गुठळी. नळात खडा अडकल्यावर पाणी येतं का?"

मुलगा ओशाळला. आम्ही तोंडाला पदर लावून हसलो. पण मग साहेबांनी विचारलं की इतका वेळ कुठं होतात, तेव्हा कळलं, पारवा धरण्यातच सकाळ गेली होती. मग कुणी हसलं नाही. म्हातारबांचा हात काही परत आला नाही. त्या दिवसापासून 'वारं' आमच्याकडं बंद झालं ते झालंच.

पेशंट दारात आला की साहेबांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. नाव नाही, गाव नाही. "शेवटचं धड कधी बघितलं?" म्हणजे हा माणूस नीट बोलताना, चालताना शेवटचा कुणी, कधी पाहिला. त्यावरच सगळं असतं. नस बंद पडल्यावर मेंदू फार वेळ कळ काढत नाही, उशीर झाला की गुठळी काढूनही उपयोग नसतो. पण आपली माणसं घड्याळ बघून थोडीच जगतात? कुणी म्हणायचं, "नळ आला तवा चांगले हंडे भरले की तिनं." कुणी म्हणायचं, "निलंग्याची गाडी लागली तवा हाक मारली होती." साहेबांना हे सगळं पाठ. कोणत्या भागात नळ कधी सुटतो, कोणती एसटी कधी लागते आणि खरंच कधी निघते, कोणत्या डाळमिलचा भोंगा कधी होतो, कोणत्या क्लासची बॅच कधी सुटते अन् रस्ता पोरांनी कधी भरतो. ते डोळे मिटून हिशेब करायचे आणि म्हणायचे, "चला, वेळ आहे." नाहीतर काहीच न बोलता पेशंटच्या पायाशी जाऊन उभे राहायचे. मग आम्ही समजून जायचो.

गुठळी निघाली की त्यांचं मूल व्हायचं. पांढऱ्या गॉजवर ती ठेवायची, भिंग लावायचं आणि सोनारासारखं उलटून पालटून बघत बसायचं. मग बाहेर नेऊन नातेवाइकांना दाखवायची. "एवढंसंच?" ते म्हणायचे. तांदळाच्या दाण्याएवढी तर असायची ती. "हां, एवढंसंच. हत्तीच्या कानात मुंगी." काही गुठळ्या मऊ, लालभडक, जाळीत लगेच येणाऱ्या. त्यांना साहेब 'लोणी' म्हणायचे. काही पांढरट, चिवट, रबरासारख्या. जाळी त्यांच्यावरून सुळकन घसरायची आणि रिकामी परत यायची. त्यांना साहेबांचा शब्द होता 'कुचर'.

कुचर म्हणजे कडधान्यातला न शिजणारा दाणा. रात्रभर भिजवा, शिट्ट्यांवर शिट्ट्या करा, बाकीची मटकी लोण्यासारखी होते आणि हा आपला दगड तो दगड. कामचुकार माणसालाही आपण कुचर म्हणतो, तो यावरूनच की काय, कोण जाणे. लातूर पडलं डाळीचं गाव, तेव्हा साहेबांना हा शब्द सुचला यात मला काही नवल वाटलं नाही. नवल वाटायचं ते पुढच्या वाक्याचं. पहिल्या ओढीत गुठळी आली नाही की साहेब मास्कच्या आत पुटपुटायचे, "कुचर आहे. गॅस चालू ठेवा."

आता लॅबमध्ये कुठला आलाय गॅस? पहिल्यांदा मी खरंच ऑक्सिजनच्या नळकांड्याकडं धावले होते. साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं की मीच कुचर.

त्यांच्या डब्यात रोज उसळ असायची. खाताना दाताखाली कडक दाणा आला की आपण थुंकतो, नाही का? साहेब तो हळूच काढायचे आणि डब्याच्या झाकणावर ठेवायचे. जेवण झाल्यावर ते दोन-चार दाणे कागदात बांधून खिशात. एकदा मी विचारलंच, "साहेब, हे काय करून राहिले तुम्ही?"

"घरी नेतो. परत भिजवतो."

"अन् मग?"

"मग काय, परत शिजवतो."

"शिजतात?"

"काही शिजतात," ते म्हणाले. "काहींना जास्त वेळ लागतो, सिस्टर. एवढंच."

बाई गं, म्हटलं, हा माणूस मेंदूत हात घालतो आणि याचाच एक स्क्रू ढिला आहे. तरी माझं कुतूहल काही जाईना. आणखी एक खोड होती. हॉस्पिटलला यायचा जवळचा रस्ता क्लासवाल्यांच्या एका गल्लीतून होता. दोन्ही बाजूंनी पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो टांगलेले, खाली सायकली, वर होस्टेलं. साहेब त्या गल्लीतून कधी जायचे नाहीत. गंजगोलाईचा सगळा गोल बाजार फिरून, हातगाड्या चुकवत, स्कूटर ढकलत यायचे. उशीर झाला तरी. "तिकडून का येत न्हाई?" विचारलं तर म्हणायचे, "तिकडं ट्रॅफिक लई."

ट्रॅफिक! गंजगोलाईत काय रान मोकळं होतं?

मग तो दिवस आला. दुपारची वेळ, आम्ही नुकते डबे उघडले होते. खाली गलका झाला. त्याच गल्लीतल्या एका मोठ्या क्लासचे सर वर्गात शिकवता शिकवता कोसळले होते. जीवशास्त्राचे सर, लातुरात कुणालाही विचारा, त्यांचं नाव माहीत. अर्ध्या महाराष्ट्रातली पोरं त्यांच्या आवाजावर डॉक्टर झालेली. माइक न घेता शिकवायचे म्हणे, शेवटच्या बाकापर्यंत आवाज. आता स्ट्रेचरवर पडले होते, तोंड वाकडं, उजवा हात खाली लोंबलेला, आणि घशातून नुसता "आं, आं" आवाज. सोबत त्यांच्या बायको आणि मागं पोरांची ही गर्दी.

साहेब जिना उतरतानाच ओरडले, "शेवटचं धड कधी बघितलं?"

एक मुलगी पुढं आली. उदगीरची होती, रडून डोळे लाल. "सर, वर्गातच. हृदयाचा धडा चालू होता. मधेच सर म्हणाले, डाव्या कप्प्यातून रक्त बादलीत जातं."

"बादलीत?"

"हाव. आम्ही लिहून घेतलं."

"काय लिहून घेतलं?"

"बादली," ती म्हणाली. "मग सर म्हणाले, बादली पायरी पायरी मंगळवार. तेबी लिहून घेतलं. सरांचा एक शब्द सोडायचा न्हाई असं हाय आमच्यात. परीक्षेत त्यातलंच येतं. मग खडू पडला, मग सरच पडले, तवा उठलो आम्ही."

मी तर कपाळावर हात मारला. शे-दोनशे भावी डॉक्टर! समोर माणसाची वाचा जाते आहे, आणि ही लेकरं तिला समास आखून वहीत उतरवून घेतायत. लकव्याची लक्षणं विचारली असती तर चारही पर्याय घडाघडा म्हणून दाखवले असते त्यांनी. मला वाटलं साहेब आता त्या मुलीला खातील. मुलगी घाबरून वही काढायला लागली.

"वही नको," साहेब शांतपणे म्हणाले. "तू सांग. बादलीच्या आधी काय म्हणाले होते?"

"आधी... आधी ते रोजचंच." मुलीनं नाक पुसलं. "मागच्या बाकावरच्यांना म्हणाले, दाणे भिजवले की एखादा कुचर निघतोच. कुचर दाण्यासाठी गॅस जाळायचा नसतो. ते एकदम स्वच्छ म्हणाले, सर. सगळे हसले पण."

माझ्या हातातली फाइल तशीच राहिली. मी साहेबांकडं बघितलं. साहेब पेशंटकडं बघत होते. तोपर्यंत त्यांनी चेहरा पाहिलाच नव्हता बहुतेक, नुसता हात आणि डोळ्यांच्या बाहुल्या बघत होते.

"कधी म्हणाले हे?"

"धडा सुरू केला तवा. दुपारची बॅच बसल्या बसल्या."

साहेबांनी डोळे मिटले, हिशेब केला. "वेळ आहे," म्हणाले. मग एकदम, "यांचा चष्मा कुठाय?"

चष्मा मुलीच्या हातात होता. एक काडी मोडलेली. साहेबांनी तो माझ्याकडं दिला. "जपून ठेवा सिस्टर. लागणार आहे."

स्कॅन झाला. मेंदूच्या डाव्या बाजूची मोठी नस बंद होती, बोलण्याची बाजू. साहेबांनी सरांच्या बायकोला समजावून सांगितलं की जाळीनं ओढताना नस फाटू शकते, जीवही जाऊ शकतो, आणि नाही काढली तर जीव कदाचित राहील, बोलणं राहणार नाही. बाई साध्या होत्या. सही करता करता म्हणाल्या, "हातपाय गेले तर मी हाय डॉक्टर, सगळं करीन. पर ह्यांचं बोलणं तेवढं वाचवा. ह्यांना गप बसता येत न्हाई हो. गप बसवलं तर हे जगायचे न्हाईत."

"काकू," साहेब म्हणाले, "मला माहीत आहे."

सरांना टेबलावर घेतलं. जागेच होते ते, थोडी गुंगी दिलेली. नळी वर गेली, जाळी उघडली. जाळी उघडल्यावर लगेच ओढायची नसते, काही मिनिटं थांबायचं, म्हणजे गुठळी तिच्यात रुतते. या वेळात साहेब कधी बोलायचे नाहीत, आणि दुसऱ्या कुणी खोकललेलंही त्यांना चालायचं नाही. थांबलो. ओढली. जाळी रिकामी.

परत वर. परत थांबलो. परत ओढली. एक कण आला पांढरा, बाकी गुठळी तिथंच ठाण मांडून. साहेबांच्या मदतीला एक धाकटे डॉक्टर होते. ते हळूच म्हणाले, "साहेब, राहू द्यायचं का? आणखी ओढलं आणि नस फाटली तर..."

बरोबरच होतं त्यांचं. असा प्रसंग आला की साहेबही कधीकधी हात मागं घ्यायचे, आणि थांबणं ही पण विद्या आहे असं आम्हाला सांगायचे. मी त्यांच्या डोळ्यांकडं बघत होते. मास्कच्या वर तेवढेच दिसतात.

"कुचर आहे," ते म्हणाले. "गॅस चालू ठेवा."

पण या वेळी पुटपुटले नाहीत, मोठ्यानं म्हणाले. मला वाटलं, टेबलावरच्या माणसाची पापणी हलली. का मला भास झाला, काय की.

तिसऱ्यांदा जाळी उघडली. थांबायचं होतं. आणि मला राहवलं नाही, माझा स्वभावच तसला. त्या शांततेत मी विचारलं, "साहेब, हे तुमचे सर ना?"

धाकटे डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले, आता ही मेली म्हणून. साहेब पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "हाव."

मग ते बोलले. एवढं सलग त्यांना बोलताना मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

"बारावीला होतो मी. यांचा क्लास तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये होता. भूकंप झाला. आमचं गाव किल्लारीकडचं. मी पळत गेलो. माझी चुलती माळवदाखाली, दगडमातीच्या छताखाली होती, आवाज येत होता तिचा, माझं नाव घेत होती. मी दिसेल तो दगड ओढला." त्यांची बोटं नळीवरच होती. "ओढला, आणि वरचं सगळं खाली बसलं. आवाज बंद झाला. मग फौजी आले. त्यातल्या एकानं माझं मनगट धरलं. म्हणाला, खींचो मत बेटा, पहले देखो वजन कहाँ है."

मी घड्याळाकडं बघितलं, वेळ व्हायची होती. मशीनचा आवाज तेवढा.

"दिवाळीनंतर परत आलो. चाचणीत काहीच येईना. अक्षरं दिसायची पण वाचता यायची नाहीत. यांनी सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाले ते, कुचर दाण्याचं. मागच्या बाकावरून पुढं आणून म्हणाले. मी घरी गेलो तो परत त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. घरीच अभ्यास केला. जास्त वेळ लागला."

"तुम्ही सांगितलं न्हाई, कुठं गेला होतात ते?" मी म्हटलं. राग आला होता मला, खोटं कशाला बोलू. त्या टेबलावरच्या माणसाचा राग आला होता.

"त्यांनी विचारलं नाही," साहेब म्हणाले. "झाली वेळ. आता कुणी बोलू नका."

मी खूप केसेस बघितल्या, पण तशी ओढ बघितली नाही. ओढ म्हणायचीच नाही तिला. थोडं मागं, थांबायचं. बोटांनी चाचपायचं, भार कुठं आहे. परत थोडं. मध्येच एकदा नळी अडली, साहेबांनी सोडून दिली, ओढली नाही, तशीच धरून उभे राहिले, कपाळावरून घाम ओघळला तरी हलले नाहीत. मग ती आपोआप सैल झाली. आणि आली. जाळीत अडकलेली पांढरी, चिवट, कडक गुठळी. पडद्यावर इतका वेळ बुंध्याशी तुटलेलं ते नसांचं झाड एकदम टोकापर्यंत फांद्यांनी भरून गेलं. धाकट्या डॉक्टरांनी "आई शपथ!" म्हटलं, आणि साहेब त्यांना रागावले नाहीत.

गुठळी गॉजवर ठेवली. भिंग मागतील म्हणून मी पुढं केलं. त्यांनी घेतलं नाही. गुठळीकडं बघितलंच नाही मुळी. ते सरांच्या उशाशी गेले.

"सिस्टर, चष्मा."

मी मोडक्या काडीचा चष्मा सरांच्या डोळ्यांवर नीट बसवला आणि हातानं धरून ठेवला. साहेबांनी मास्क खाली ओढला. केस पांढरे व्हायला लागलेला माणूस, पण त्या घटकेला बारावीतला पोरगा उभा असल्यासारखा हात मागं बांधून उभा होता.

"सर," ते म्हणाले, "मला ओळखलं का?"

सरांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. उजवा हात चादरीवर किंचित सरकला, बोटं उघडली. ओठ थरथरले. मी मनात गजाननाला, रेणुकामाईला, सगळ्यांना हाका मारून मोकळी झाले.

"कु..." सर म्हणाले.

"कुठं आहे म्हणून विचारतायत," धाकटे डॉक्टर म्हणाले. "सर, तुम्ही हॉस्पिटलमध्ये..."

साहेबांनी हात वर करून त्यांना गप्प केलं.

"कु... चर," सर म्हणाले. एकदम स्वच्छ. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं असं. आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, चष्म्याच्या खालून कानापर्यंत. त्यांनी टेबलावर आमचं बोलणं किती ऐकलं होतं आणि किती कळलं होतं, ते मला आजही माहीत नाही.

साहेब खाली वाकले, त्यांनी सरांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. खांदे हलत होते. हसत होते का रडत होते, मागून कळेना.

"हाव सर. तोच," ते म्हणाले. मग आमच्याकडं न वळता, नेहमीच्या आवाजात, "सिस्टर, लिहून घ्या. वाचा शाबूत. ओळख शाबूत. सरांचं निदान तेवढं चुकलेलं आहे."

मी आपली पहिली दोनच वाक्यं लिहिली.